टाकी भरल्यावर येणारा वास

गाडीत पेट्रोलचा वास येतोय, असं पहिल्यांदा आई म्हणाली. आम्ही तिघं नाहूरहून बोरिवलीला मावशीकडे निघालो होतो. गाडी मी चालवत होते, पप्पा शेजारी, आई मागे. पवई मागे पडेपर्यंत आईने तीनदा काच खाली केली होती.

"काय गं, पेट्रोलचा वास येतोय ना?"

"येतोय खरा," मी म्हणाले.

"कसला वास?" पप्पा समोर बघत म्हणाले. "पुढे टँकर आहे, त्याचा असेल."

पुढे टँकर होता, पण पाण्याचा. त्याच्या मागून बारीक धार रस्त्यावर सांडत होती. मी आरशात आईकडे बघितलं. तिने पदर नाकाला लावला आणि काच पुन्हा खाली केली. पप्पांच्या गाडीबद्दल वाद घालायचा नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं.

त्याला कारण होतं. पप्पा एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. मराठवाड्यातल्या गावातून ते ट्रकवर क्लीनर म्हणून निघाले, ट्रकवरच गाडी शिकले आणि पुढे अंधेरीतल्या एका कंपनीत साहेबांच्या गाडीवर लागले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, सकाळी सहाला हजर. आई साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये बाटल्यांना लेबलं लावायची. आमच्या घराण्यात बैलगाडीसुद्धा कधी कुणाची स्वतःची नव्हती. निवृत्त झाले त्या महिन्यात पप्पांनी ही लाल रंगाची छोटी गाडी घेतली, तीही तिसऱ्या हाताची. घरी आणली तेव्हा ते चालवत नव्हते. त्यांनी एका जुन्या ड्रायव्हर मित्राला चालवायला बसवलं होतं आणि स्वतः मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, साहेब बसायचे तिथे बसून आले होते. जयंतीच्या दिवशी बोनेटवर निळा झेंडा लावून त्यांनी आमच्या जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांना एकेक चक्कर मारून आणली. त्या बायका अजून त्याची आठवण काढतात.

मलाही त्यांनीच गाडी शिकवली. रविवारी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते मोकळे असतात, तिथे. मी तेव्हा तिशी ओलांडली होती आणि जवळच्याच एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासायचं काम करत होते, आजही करते. पप्पा शिकवताना ओरडायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "गाडी बोलते, तू ऐक. कानाने ऐक, पायाने ऐक, नाकाने ऐक."

नाकाचं त्यांचं फार नाव होतं. कंपनीतले सगळे ड्रायव्हर एक किस्सा सांगायचे. साहेब नाशिकहून परत येत होते, मागे झोपले होते. कसारा घाट उतरायच्या आधी पप्पांनी गाडी एकाएकी बाजूला घेतली. साहेब चिडले. पप्पा म्हणाले, "साहेब, काहीतरी जळतंय, दहा मिनिटं द्या." साहेबांना काहीच वास येत नव्हता. पप्पांनी खाली उतरून बघितलं तर मागच्या एका चाकाचा ब्रेक चिकटून लालबुंद झाला होता. तसेच घाट उतरले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. साहेबांनी त्या दिवसापासून त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. हा मान पप्पांना पगारापेक्षा मोठा वाटायचा.

म्हणून त्यांनी "कसला वास?" म्हटलं तेव्हा मला वाटलं, गाडीवरचं प्रेम बोलतंय.

त्या वासाचा त्रास असा की तो रोज यायचा नाही. चार-पाच दिवस गाडीत एवढा दर्प असायचा की लॅबमध्ये पोचेपर्यंत माझं डोकं धरायचं. मग आठवडाभर काहीच नाही. मी म्हणायचे, गेला वाटतं. आणि एखाद्या सकाळी दार उघडलं की पुन्हा भसकन नाकात. उन्हात उभी असली तर जास्त. वळणावर जास्त. पण कधी येईल आणि कधी नाही, याचा काही पत्ता लागायचा नाही.

साकीनाक्याला आमचा नेहमीचा मिस्त्री आहे. चांगला माणूस, हात स्वच्छ ठेवणारा, काम झाल्यावर जुना पार्ट दाखवणारा. त्याच्याकडे दोनदा गाडी नेली. पहिल्यांदा त्याने कार्ब्युरेटर उघडून साफ केला. दुसऱ्यांदा इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी बदलली आणि सगळ्या क्लिपा नव्या टाकल्या. दोन्ही वेळा गाडी त्याच्याकडे असताना वास अजिबात नव्हता. त्याने बोनेटखाली, गाडीखाली, सगळीकडे नाक घालून बघितलं.

"मॅडम, मला तरी काही येत नाही," तो म्हणाला. "गाडीचं वय झालंय आता. कितने साल खींचोगे?"

पप्पा तिथल्या तिथे वळले आणि गाडीत जाऊन बसले.

घरात मात्र बोलाबोली सुरू झाली. आईला दर महिन्याला बीपी दाखवायला मुलुंडला न्यावं लागतं. त्या महिन्यात ती खाली आली, गाडीचं दार उघडलं आणि तशीच बंद करून म्हणाली, "मी रिक्षाने येते. तुम्ही दोघं या."

पप्पांना हे फार लागलं. आपली गाडी दारात उभी असताना बायको रिक्षाने दवाखान्यात जाते, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

"तुम्हा दोघींनाच कसा वास येतो? मला का येत नाही? मी एकतीस वर्षं गाडीत काढली."

"कारण गाडी तुमची लाडकी आहे," आई म्हणाली. "विकून टाका ती आता."

"मी गेल्यावर विका."

असं बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मीही त्या दिवशी आईच्या बाजूने होते. मला त्यांचा राग आला होता. वाटलं, माणूस म्हाताऱ्या वस्तूसाठी जिवंत माणसांना खोटं ठरवतोय. आज हे लिहिताना त्या रागाची लाज वाटते.

खरं काय ते पेट्रोल पंपावर कळलं.

पेट्रोल भरताना पप्पा गाडीत बसून राहत नाहीत. उतरतात, मशीनजवळ जाऊन झिरो बघतात, आणि भरून होईपर्यंत टाकीच्या तोंडाशी उभे राहतात. त्या रविवारी सकाळी पंपावर नवीन बाई होती. टाकी काठोकाठ झाली आणि तिने नळी जरा घाईने बाहेर ओढली. पेट्रोल उडालं. तिने "सॉरी काका" म्हटलं, पप्पांनी हात हलवला, पैसे दिले आणि ते येऊन बसले.

मी गाडी रस्त्यावर घेतली आणि मला श्वास घेता येईना. इतका वास गाडीत कधीच आला नव्हता. चारही काचा खाली केल्या. सिग्नलला थांबले तेव्हा डावीकडे बघितलं. पप्पांच्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओली होती. कापड हाताला चिकटलं होतं. आणि पप्पा शांतपणे समोरच्या सिग्नलचे आकडे मोजत बसले होते.

"पप्पा, तुमची बाही."

त्यांनी खाली बघितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं बाहीला लावली, बोटं नाकाजवळ नेली, जोरात श्वास घेतला. आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मला अजून नाव देता येत नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तशी नव्हती. परीक्षेत येणारा प्रश्न समोर आला आणि उत्तर आठवेना, तशी होती.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी पुढे नेऊन बाजूला उभी केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो आजार झाला होता ना सगळ्यांना. तेव्हापासून."

त्या आजारात आम्हा तिघांचाही वास गेला होता. माझा पंधरा दिवसांत परत आला, आईचा महिन्याभरात. पप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "आला आला." आम्ही विश्वास ठेवला.

"अजिबात येत नाही?"

"अजिबात नाही. जेवणात फक्त मीठ आणि तिखट कळतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

त्यांनी बाही पिळली. मग म्हणाले, "ड्रायव्हर माणसाने असं सांगायचं नसतं गं. डोळे गेले, कान गेले, हे कळलं की दुसऱ्या दिवशी गाडीची चावी काढून घेतात. सवय लागली लपवायची."

"इथे कोण चावी काढून घेणार तुमची?"

"ते माहीत आहे. पण तुम्ही दोघी वास येतो म्हणता, आणि मला एवढंसुद्धा कळेना. माझ्या गाडीत काय होतंय ते मला दुसऱ्याने सांगायचं?" त्यांनी बाही पुन्हा नाकाजवळ नेली. "खरंच येतोय ना वास?"

"खरंच येतोय पप्पा. बाही सोडून, आधीपासूनच येतोय."

"मग शोधला पाहिजे," ते म्हणाले. एकदम सरळ होऊन बसले. "नाक तुझं वापरू. बाकीचं मी सांगतो."

मी दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचते. कुणाची साखर वाढली, कुणाचं रक्त कमी झालं, हे मला कागदावर एका नजरेत दिसतं. आणि जेवणाच्या ताटासमोर रोज बसणाऱ्या माणसाला वास येत नाही हे मला दिसलं नव्हतं. पण हळहळत बसायला पप्पांनी वेळ दिला नाही. घरी पोचेपर्यंत त्यांनी मला कामाला लावलं.

"एक वही कर. वास आला की लिही. किती वाजता, ऊन होतं का, गाडी उभी होती का चालू होती, आणि काट्यावर पेट्रोल किती होतं. न आला तरी लिही."

लॅबमधल्या माणसाला असली वही ठेवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी मन लावून लिहिलं. सकाळी निघताना, मरोळला पोचल्यावर, संध्याकाळी परत निघताना. गाडीत बसायच्या आधी आई मला चहासुद्धा देईना, नाक साफ राहावं म्हणून मीच तसं सांगितलं होतं. दोन टाक्या संपेपर्यंत हे चाललं.

मग एका संध्याकाळी पप्पांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक ओळ बोट फिरवत वाचली. तीन पानं झाल्यावर ते थांबले.

"हे बघ. काटा अर्ध्याच्या वर असेल तेव्हाच लिहिलंय 'आला'. अर्ध्याच्या खाली एकदाही नाही."

मी बघितलं. खरंच होतं. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"म्हणजे खालची नळी नाही, इंजिन नाही," पप्पा म्हणाले. "तिथे गळत असतं तर रोज वास आला असता. टाकीच्या वरच्या अंगाला काहीतरी आहे. पेट्रोल वरपर्यंत असलं आणि हिंदकळलं की तिथून बाहेर येतं."

"आणि मिस्त्रीला का नाही सापडलं?"

ते एवढे हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. गाडी गॅरेजला द्यायची असेल तर टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं, कुणी काढून घेऊ नये म्हणून, हा त्यांचाच नियम होता. ट्रकवर असल्यापासूनचा. दोन्ही वेळा आम्ही काटा तळाला टेकल्यावरच गाडी साकीनाक्याला नेली होती. बिचाऱ्या मिस्त्रीला वास येणार कुठून?

पुढच्या रविवारी आम्ही टाकी पूर्ण भरून आणली आणि सोसायटीच्या आवारात गाडी उभी केली. सकाळचे नऊ. पप्पांनी आधी बॅटरीची तार काढली. माझा फोन वर घरी ठेवायला लावला. कट्ट्यावर बसून बिडी ओढणाऱ्या वॉचमनला गेटबाहेर पाठवलं. "आज इकडे काडी पेटवायची नाही," एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की तो निमूट गेला.

"आता नाक खाली ठेव," ते म्हणाले. "पेट्रोलची वाफ जड असते, खाली बसते. उभं राहून वास घेशील तर फसशील."

मी गुडघ्यावर बसले. पेट्रोल भरायच्या झाकणापासून सुरुवात केली. झाकणाचं रबर चांगलं होतं, वास होता पण नेहमीचा, पंपावर असतो तेवढा. मग डिकी उघडली, आतला गालिचा काढला. टाकीकडे जाणारी जाड रबरी नळी तिथे दिसत होती. पप्पांनी आईचा टाल्कम पावडरचा डबा आणला होता. नळीच्या दोन्ही टोकांना त्यांनी माझ्याकडून पावडर भुरभुरवली.

"कुठेही ओल आली तर पावडर कालवल्यासारखी दिसेल. आता एक चक्कर मार. डावी-उजवी वळणं घे."

बॅटरी पुन्हा जोडली. मी नाहूरच्या पुलावरून जाऊन आले. मागून वास येत होता. आल्यावर डिकी उघडली तर पावडर जशीच्या तशी, कोरडी.

"इथे नाही," मी म्हणाले. मला जरा निराश वाटलं.

"नाही म्हणजे चांगलंच," पप्पा म्हणाले. "एक जागा कमी झाली. आता बॅटरीची तार पुन्हा काढ आणि मागची सीट काढ."

मला मागची सीट निघते हेच माहीत नव्हतं. पुढच्या कडेला दोन ठिकाणी जोर लावून वर उचलली की निघते. खाली आईची एक हेअरपिन, शेंगदाण्याची टरफलं आणि माझ्या लॅबचं जुनं आयकार्ड सापडलं, जे हरवलं म्हणून मी लॅबच्या साहेबांची बोलणी खाल्ली होती. गालिच्याखाली पत्र्याचं गोल झाकण होतं, चार स्क्रूंनी बसवलेलं. पप्पांना वाकवत नाही, कंबरेचा त्रास आहे. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि मी आत ओणवी. शेवटचा स्क्रू निघाला, झाकण बाजूला सरकवलं आणि वासाचा एक गोळा माझ्या तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं. मी दाराबाहेर तोंड काढून धापा टाकायला लागले.

"सापडलं?" पप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते.

"सापडलं!"

"घाई करू नकोस. हवा जाऊ दे. मग बघ नेमकं कुठे."

थोड्या वेळाने पुन्हा आत गेले. झाकणाखाली टाकीचा वरचा भाग होता आणि त्यात एक चकती बसवलेली. काट्याला पेट्रोल किती आहे ते सांगणारा फ्लोट त्या चकतीला खाली लोंबत असतो, हे पप्पांनी सांगितलं. चकती आणि टाकी यांच्यामध्ये रबराचं गोल पॅकिंग होतं. मी चकतीच्या कडेने पावडर टाकली. पप्पांनी बाहेरून गाडीला दोन्ही हातांनी हलकेच झोके दिले. तीन झोके, चार झोके. आणि डावीकडच्या कडेला पांढऱ्या पावडरीवर एक करडी रेघ उमटली, नखाएवढी. माझ्या डोळ्यांसमोर ती वाढत गेली.

मी पप्पांचा हात धरून त्यांना वाकवलं, कंबरेची पर्वा न करता. त्यांनी टॉर्चच्या उजेडात ती रेघ बघितली. माझ्या पाठीवर हलकेच थाप दिली.

नवीन पॅकिंग बसेपर्यंत गाडी वापरायची नाही, असं ठरलं. थोडं पेट्रोल पप्पांनी नळीने कॅनमध्ये काढून वेगळं ठेवलं, आणि मी चकती सोडवून जुनं पॅकिंग काढलं. बोटात धरल्यावर ते बिस्किटासारखं तुटलं. बावीस-तेवीस वर्षांचं रबर, त्याचा काय दोष.

नवीन पॅकिंग मिळणं सोपं नव्हतं. ते मॉडेल कधीच बंद झालंय. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानात एकाने कागदी पॅकिंग पुढे केलं आणि म्हणाला, "चिकटवून टाका, चालतंय." पप्पांनी मला आधीच बजावलं होतं की चिकटवाचिकटवी चालणार नाही. मी तुटलेले तुकडे पिशवीत घेऊन मरोळला गेले. आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत रबराच्या चकत्या आणि सील बनवणारं एक छोटं युनिट आहे. मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून जात होते, आत पहिल्यांदा गेले.

मालकाने तुकडे टेबलावर जोडून पाहिले. "कुठल्या गाडीचं आहे? तुमच्या मिस्त्रीला पाठवा ना, त्याच्याशी बोलतो."

"मिस्त्री मीच आहे," मी म्हणाले.

त्याने माझ्या लॅबच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं. मी पुढे बोलत राहिले. "साधं रबर नको, पेट्रोलमध्ये फुगतं ते. पेट्रोलला टिकणारं द्या. जाडी तेवढीच ठेवा, नाहीतर स्क्रू पुरे बसणार नाहीत. भोकं सहा आहेत, सारख्या अंतरावर नाहीत, मी कागदावर छाप काढून आणलाय."

हे सगळं पप्पांचं बोलणं होतं, पण तोंड माझं होतं, आणि छाप काढायची कल्पनाही माझी. तो माणूस कागद घेऊन आत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "परवा या मॅडम. दोन करून देतो, एक ठेवून द्या." बोलताना त्याचा सूर बदलला होता.

बसवलंही मीच. पप्पा खुर्चीवर, पाने-स्क्रूड्रायव्हर मांडीवर. "समोरासमोरचे स्क्रू आवळ. एका बाजूने आवळत गेलीस तर दुसरी बाजू उचलेल. आधी सगळे अर्धे, मग सगळे पुरे." मी तसंच केलं. एक स्क्रू हातातून निसटून फटीत गेला, तो शोधण्यात अर्धा तास गेला आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडलो. मग सापडला. पुन्हा पावडर, पुन्हा झोके, या वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून. पावडर कोरडी राहिली. मी दहा मिनिटं तिच्याकडे टक लावून बघत होते. काहीच झालं नाही.

तरी माझ्या नाकावर माझाच भरवसा नव्हता. दोन आठवडे पेट्रोल हुंगून ते बिघडलं असेल तर? पप्पा म्हणाले, "परीक्षा तुझ्या आईला घेऊ दे."

आई आधी तयार होईना. मग बोरिवलीला मावशीकडे जायचंच होतं म्हणून आली. भर दुपारचं ऊन, टाकी भरलेली, चारही काचा बंद. मी दर सिग्नलला आरशात बघत होते. पवईपर्यंत ती ताठ बसली होती, नाक वर करून, फौजदारासारखी. जोगेश्वरीला बघितलं तर मान एका बाजूला टाकून झोपली होती. पप्पांनी मागे वळून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "पास."

त्या दिवशी मावशीकडे जेवताना पप्पांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं की मला वास येत नाही, म्हणून गाडीतला दोष हिने शोधला. मावशी अवाक झाली. आई वाढत होती, ती वाढतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?" पप्पांनी विचारलं.

"तुम्हाला वास येत नाही ते. एकदा नासलेलं दूध अख्खा पेला प्यायलात. तेव्हापासून तुमचं दूध आधी मी हुंगते. घरी एकटे असता तेव्हा गॅस खालून बंद करून जाते." तिने त्यांच्या ताटात आणखी भात घातला. "तुम्ही बोलला नाहीत, मग मी कशाला बोलू?"

"मग मला गाडी विका म्हणालीस ते?"

"मला वाटलं, चिडून तरी खरं सांगाल."

पप्पांनी खाली मान घालून भात कालवला. मावशीने विषय बदलला. आता पप्पांना एक डॉक्टर तपासतात. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब अशा चार वासांचा सराव करायला सांगितलाय. वास परत येईल का नाही, सांगता येत नाही म्हणाले. पप्पा सराव शाळेतल्या गृहपाठासारखा करतात. परवा म्हणाले, लिंबाचं काहीतरी कळल्यासारखं वाटलं. खरं की आम्हाला बरं वाटावं म्हणून, हे मी विचारलं नाही.

साकीनाक्याच्या मिस्त्रीकडे ते मुद्दाम गेले. गाडीचं काहीच काम नव्हतं. त्याला जुनं पॅकिंग दाखवलं, वही दाखवली, आणि त्याचा दोष कसा नव्हता हेही सांगितलं. "मी रिकामी टाकी घेऊन आलो होतो, तुला कसा येणार वास?" मिस्त्रीने वहीची पानं उलटली. मग मला म्हणाला, "मॅडम, ही आयडिया मी वापरू का? गिऱ्हाइकाला वही द्यायची." मी म्हटलं, वापरा ना.

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांच्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा वास येतो, गॅरेजवाल्याला काही सापडत नाही, काका जरा बघतील का, असं विचारायला. पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपरवरून नजरसुद्धा काढली नाही.

"मी नाही बघत आता," ते म्हणाले. "आमच्या घरात हे काम मुलगी करते. ती अंघोळ करून आली की पाठवतो. तोवर तुम्ही टाकी फुल करून आणा."